जिन्यातलं इंग्रजी

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अंबडला एका कंपनीत आहेत. शिफ्टवरून आले की जिन्यातच बसून बूट काढतात आणि मी दिसलो की हळूच म्हणतात, "पार ड्रेन झालो, साहेब." कधी "टोटल एक्झॉस्ट." परवा तर "बर्नआउट" म्हणाले.

आतून त्यांची म्हातारी आई विचारते, "दमला का रे?"

"नाय गं, कुठं!" म्हणत ते तोंडावरून हात फिरवतात आणि शीळ घालत घरात शिरतात. आईला इंग्रजी कळत नाही, तेवढीच सोय.

काल त्यांच्या आईनं मला जिन्यात गाठलं. "ते एक्झॉस्ट म्हंजी काय हो?"

"मशीनचं असतं काहीतरी," मी म्हणालो.

"आसंल," ती म्हणाली. "पण शीळ घालत येतो ना, तवा त्याला धाप लागलेली असती."