लेझरखाली केलेली रोवणी

मैत्रिणींनो, लग्नाच्या वर्षी सडक अर्जुनीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, नवऱ्याने हौसेने माझ्या हातावर स्वतःचं नाव गोंदवलं होतं. पुढे तो दुसरीसोबत संसार थाटून बसला आणि नाव माझ्याकडेच राहिलं. ते लेझरने काढायला आज गोंदियाला गेले.

पहिल्याच झटक्याला फोडणीचं तेल उडावं तसं भाजलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोळे मिटा, लांब श्वास घ्या आणि मनाला बरं वाटेल असं काहीतरी डोळ्यांसमोर आणा."

मी आमची धानाची बांधी आणली, पाण्याने भरलेलं भाताचं खाचर. दर रोवणीला मी चिखलात वाकून रोपं लावत असायची आणि तो बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून खर्रा चघळत ओरडायचा, "हात चालव ना, काऊन थांबली?"

आज त्याला चिखलात उतरवलं आणि धुऱ्यावर मी बसले. मी श्वास घेतला की त्याने एक रोप लावायचं, सोडला की दुसरं. कंबर सरळ करू दिली नाही.

"ताई, तुम्ही तं हसून राहिल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

नाव पुरतं जायला अजून बऱ्याचदा यावं लागेल म्हणे. येईन. त्याची अख्खी शेती रोवायची बाकी आहे.