सुटलेला चौकोन

पेंटर पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. आधी पेन्सिलीनं जागा आखायची, मगच ब्रशला हात लावायचा, ही त्याची चाळीस वर्षांची शिस्त.

मुलीला तिसरा महिना लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घराण्याचा तक्ता मागितला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मोठा आजार असेल तर आत काळं. पेंटरनं तो पट्टी लावून आखून आणला. एकही चौकोन काळा नव्हता.

"वा! फ्रेम करून लावावा असा," डॉक्टरीणबाई हसल्या.

मुलगी मात्र कागदावर वाकली. ती बापाचे ब्रश धुतच मोठी झाली होती.

"बाबा, तुमच्या शेजारी एका चौकोनाची जागा सुटलीय."

"सुटली असेल."

"तुमच्या हातून?"

तिनं कागद उजेडात धरला. खोडलेल्या पेन्सिलीची खूण अजून दिसत होती. पेंटरचे कान तापले. हातानं सवयीनं सगळ्यांची जागा आखली होती. त्यानं एक चौकोन खोडला, पण बाकीचे सरकवायचे राहून गेले.

"माझा जुळा भाऊ," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हुबेहूब माझ्यासारखा. विसाव्या वर्षी त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले. स्किझोफ्रेनिया."

"काका लहानपणीच गेले म्हणालात ना?"

"संस्थेत आहे. मी दर रविवारी..."

"रविवारी तुम्ही कामाला जाता."



डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्या म्हणाल्या. दत्तक जाऊन परक्या घरात वाढलेल्या मुलांतही जन्मदात्यांचा आजार उतरलेला दिसला, तेव्हा ते पक्कं झालं. पण त्याचं असं एकच जनुक नाही. शेकडो आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा सुटतो.

"तुम्ही सुटलात, तसे."

"म्हणजे हिला धोका नाही?"

"तुमची जनुकं तीच भावाची. त्या दृष्टीनं ही जेवढी तुमची मुलगी, तेवढीच त्यांची. अशा मुलांपैकी शंभरातल्या दहा-बाराजणांना होतो. बाळाला धोका त्याहून कमी. घाबरण्यासारखं नाही. पण हे आधी सांगायला हवं होतंत."

पुढचं पेंटरला ऐकू आलं नाही. तेवढीच त्यांची. भावाला दुसरं कोणी नव्हतं. आणि ही त्याला मेलेला समजत होती.

रविवारी तो निघाला, तर मुलगी आधीच बसस्टॉपवर उभी.

"तू कुठे?"

"कामाला."

संस्थेच्या फाटकावर रखवालदारानं भेटीचं रजिस्टर पुढे केलं. मुलगी मागची पानं उलटत गेली. दर रविवारी बापाचं सुरेख अक्षर, आणि नात्याच्या रकान्यात एकच शब्द. मित्र. मित्र. मित्र.

तिनं रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. ती काही बोलली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

त्यानं पेन घेतलं आणि 'भाऊ' लिहिलं.

रखवालदारानं वाकून वाचलं. "आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, साहेब. चेहरा काय घरी ठेवून येत होतात?"

मुलीला हसू आलं. पेंटरला मान वर करवेना.