चमचाभर पॉलिथिन

वनिता मेश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमगावच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत होते. मंगळवार होता. तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "मॅडम, ताई गेली. सकाळी." मी फोन पर्समध्ये ठेवला. तीन मुलींची रीडिंग्ज बघायची राहिली होती. ती बघितली, सह्या केल्या आणि मग स्टुलावर बसले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाजवळच्या तिच्या गावी जुन्या लॅबमधले आम्ही सगळे भेटलो. आमचे गाइड सर होते, लॅब अटेंडंट किसनभाऊ होते. कोणीतरी एक किस्सा काढला. मग दुसरा निघाला. लॅबच्या फ्रिजमध्ये बिनलेबलाच्या बाटल्या साठत जातात, तसे हे किस्से. कोणाच्या आहेत ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि फेकवत नाहीत.

*

गोंदियाला आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. एथिलीन वायूचे रेणू एकाला एक जोडत गेले की पॉलिथिन होतं. हे जोडण्याचं काम धातूच्या संयुगाकडून, म्हणजे कॅटॅलिस्टकडून, करून घ्यायचं, हा आमचा विषय. वनिताचा धातू लोखंड, माझा निकेल.

एथिलीनचं सिलिंडर नागपूरहून आलं, तर हमाल हात लावेना. "मॅडम, कौनसा गैस है? फटेगा क्या?"

वनिता म्हणाली, "केळी पिकवते तो आहे, भाऊ. उचला."

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरून कच्च्या केळ्यांचा घड आला. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घरून पाठवलाय. बघा काही होतंय का."

तीन दिवसांत केळी पिवळीधमक झाली. आमच्या लॅबमधला एथिलीनचा पहिला यशस्वी प्रयोग तो! दुसऱ्याला दोन वर्षं लागली.

*

सेमिनारला बाहेरून एक मोठे प्राध्यापक आले होते. त्यांनी वनिताला विचारलं, "तुमच्या संयुगात लोखंडाशेजारची एक जागा द्रावकाने अडवलेली आहे. मग एथिलीन बसणार कुठे?"

"सर, आमच्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. माणूस आला की रुमाल उचलायचा. द्रावक म्हणजे रुमाल आहे."

प्राध्यापकांना गंमत वाटली. "आणि तिथे पाणी येऊन बसलं तर?"

"पानी म्हणजे पुढारी, सर. एकदा बसला की उठत नाही. ऑक्सिजन तर त्याच्याहून वाईट. तो गाडीच जाळते."

सरांनी कपाळाला हात लावला. प्राध्यापकांनी मात्र वहीत काहीतरी लिहून घेतलं.

*

धानाच्या मुलखात हवेतलं पाणी कुठे कुठे अडवणार? पावसाळ्यात वनिता सकाळी हॉस्टेलच्या मेसमधला एक पापड मोडून बघायची. कुर्रकन मोडला तर लॅबचा रस्ता, वाकला तर लायब्ररीचा. ते चार महिने पापड वाकायचेच.

सहामाही प्रगती अहवालात तिने लिहिलं, "हवा ओली. कॅटॅलिस्ट गेला."

सरांनी तो परत केला. "मेश्राम, हा अहवाल आहे. तार नाही."

*

शेवटी एका जानेवारीत ते झालं. या कामाला चार हात लागायचे, दोन वायूच्या नळ्यांचे कॉक धरायला आणि दोन सुई टोचायला. कॉक मी धरले होते. तिचं निळंशार संयुग फ्लास्कमध्ये गेलं, वायू बुडबुडत राहिला, आणि तासाभरात तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी खाली बसू लागलं. गाळून, वाळवून चमचाभर भरलं. वनिता काचेची कुपी दोन्ही हातांत धरून बसली होती.

किसनभाऊ वाकून बघत म्हणाले, "हे काय होय, मॅडम?"

"पॉलिथिन."

"म्हणजे पन्नी? दोन साल लागले याले? पन्नी तं किराणावाला फुकट देऊन राहिला!"

हसून हसून वनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान तेव्हा मला ते हसण्याचं वाटलं.

सर म्हणाले, "एकदा झालं म्हणजे झालं नाही. दुसऱ्यांदा करून दाखव." प्रयोग दुसऱ्यांदा लावायच्या आत सिलिंडर संपलं, नवं आलं नाही. सर नरमले. म्हणाले, "प्रबंधात एक ओळ टाकून दे." तीच म्हणाली, "दुसऱ्यांदा झाल्यावर टाकू, सर."

प्रबंध त्या ओळीशिवाय गेला.

*

पुढे ती गावाकडे ज्युनियर कॉलेजात लागली, मी आमगावला. काही वर्षांनी आमच्या लॅबला एथिलीनचं सिलिंडर मिळालं. तेव्हापासून तो प्रयोग दुसऱ्यांदा लावण्यासाठी दर डिसेंबरात तिचा फोन यायचा.

"हवा कोरडी होऊन राहिली वं. केव्हा येऊ? तू टोल्युइन तेवढं कोरडं करून ठेव. बाकीचं माझ्यावर सोड."

टोल्युइन म्हणजे ज्यात हे सगळं घडतं तो द्रावक. सोडियमवर उकळून त्यातला पाण्याचा अंश काढायचा. एका दिवसाचं काम. एका वर्षी माझ्याकडे परीक्षा होत्या, एका वर्षी तपासणी समिती, एका वर्षी मुलीची दहावी.

"पुढच्या थंडीत नक्की," मी म्हणायचे.

"थंडी का पळून राहिली? येते ते दरसाल."

*

शेवटची भेटले ती नागपूरच्या दवाखान्यात. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला बघून तिने तो दोन बोटांनी उचलला.

"पाह्य वं. ज्याले जिंदगीभर फ्लास्कातून हाकललं, त्यालेच नाकात घालून राहिले!"

सिस्टर ओरडल्या. मास्क परत बसला. मी तिचा हात धरून होते. थोड्या वेळाने मास्कच्या आतून तिने विचारलं, "टोल्युइन?"

"ठेवलंय कोरडं करून."

"कशावर?"

"सोडियमवर."

"मंग झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

टोल्युइन मी कोरडं केलं नव्हतं. अजून केलेलं नाही.