चाळणी कुणी वापरली?

संशोधन संस्थेच्या संगणक विभागात ती एकटीच बाई, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. वयाने मोठे असलेले विभागप्रमुखसुद्धा. अकरा वर्षांपूर्वी तिने हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखातली खरखर काढून टाकणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'चाळणी'. कुणीही फुकट उतरवून घ्यावं, वापरावं. चौदा हजार जणांनी घेतलं. शोधनिबंधांत मात्र ते लिहीत, 'आकडे योग्य त्या सॉफ्टवेअरने स्वच्छ केले', आणि पुढे जात.

"आयत्या पिठावर रेघोट्या," तिची थोरली बहीण म्हणायची.

ताईला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. पण कायम नेमणुकीचा अर्ज समितीपुढे गेला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, चाळणीचा उल्लेख किती निबंधांत आहे? सात. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि नेमणूक लांबणीवर पडली.

मग ती हात धुऊन या एकाच कामाच्या मागे लागली. लोक लबाड नव्हते, उल्लेख कसा करायचा हेच त्यांना ठाऊक नव्हतं, असं तिचं मत होतं. म्हणून तिने चाळणीतच सोय केली. एक शब्द टाइप केला की लेखिकेचं नाव, वर्ष, आवृत्ती अशी तयार ओळ समोर येई. ती उचलून संदर्भांच्या यादीत चिकटवायची, संपलं. संशोधकांना पत्रंही लिहिली. एका तरुण संशोधिकेने ती ओळ मनापासून घातली, तर नियतकालिकाने यादी चाळिसाच्या आत आणायला सांगितलं आणि तिच्या मार्गदर्शकांनी पहिली कात्री त्याच ओळीवर चालवली. मुलीने फोन करून माफी मागितली. तिचीच समजूत घालायची वेळ ताईवर आली.

दोन वर्षांत साताचे एकोणीस झाले.

आणि एका दुपारी जुनी तिसरी आवृत्ती चाळताना ती एका ओळीशी थांबली. ठोके फार जलद असले की चाळणी प्रत्येक दुसरा ठोका खरखर समजून गाळत होती. इतके जलद ठोके तान्ह्या बाळांचे असतात. चूक तिचीच होती, एका ओळीतली. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. पण ती आवृत्ती तीन वर्षं लोकांच्या हातात होती.

तिने चाळणीच्या पानावर ठळक सूचना लावली. आपली लक्तरं आपणच वेशीवर कशाला टांगायची, असं विभागप्रमुखांचं म्हणणं पडलं. तिने सूचना काढली नाही. उल्लेख करणाऱ्या एकोणीस जणांना त्याच दिवशी कळवलं. त्यांच्यापैकी बाळांवर कुणाचंच काम नव्हतं. बाकीचे हजारो कोण, कुठले, हे कळायला मार्गच नव्हता. इतके दिवस आपण नोकरीसाठी नाव मागत होतो, तिला वाटलं, आणि त्या नावाचा खरा उपयोग हा होता.

मग ती बाळांवरचे निबंध एकेक करून वाचू लागली. एकात ठोके संशय यावा इतके कमी होते. तिने लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला.

"सॉफ्टवेअर वापरलं होतं खरं," डॉक्टर म्हणाले. "कोणतं, ते आकडे बघणाऱ्या मुलीला माहीत. ती सोडून गेली."

"कुठेतरी लिहून ठेवलं असेल ना?"

"असल्या गोष्टी कोण लिहून ठेवतं, बाई?"

ताईने विचारलं, "त्या निबंधावरून कुणी औषधाची मात्रा ठरवत असेल का?"

"असेलही," डॉक्टर म्हणाले, आणि दुसरा रुग्ण आल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.

तू सांगितलंस ना, मग सुटलीस, असं बहिणीने बजावलं. पुढच्या वर्षी नेमणुकीचं पत्रही आलं. तोवर ताईच्या यादीत असे संशयास्पद कमी ठोक्यांचे एकतीस निबंध जमले होते. सगळ्यांना पत्रं गेली होती. चौघांची उत्तरं आली. कोणती चाळणी, कुणाची चाळणी, एकालाही सांगता आलं नाही.