प्लॅस्टिकचा गोऱ्हा

चार चाकांची क्वॉड बाईक चालवणाऱ्याने मागे बघायचं नाही, हा पहिला नियम. जिकडे बघाल तिकडे गाडी वळते, गाडी वळली की तिला बांधलेला प्लॅस्टिकचा गोऱ्हा वळतो, आणि गोऱ्हा वळला की त्याच्यामागे घोड्यावरून दोर फिरवत येणाऱ्या माणसाचा नेम चुकतो. हे मला यार्डच्या मालकिणीने पहिल्याच दिवशी बजावलं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या बाहेर तिचा घोड्यांचा तबेला आहे, त्याला इथे सगळे यार्ड म्हणतात. मी नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला आणि इथेच मुरलेला माणूस. घोडा म्हटलं की मला लग्नाची वरात आठवायची, त्यापलीकडे माझा त्या प्राण्याशी काही संबंध नव्हता. मला तिथे नेलं माझ्या बायकोने.

ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. उभा जन्म मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या पेशी बघण्यात गेला. पन्नाशी उलटल्यावर लॅबमधल्या एका मैत्रिणीबरोबर ती घोड्यावर बसायला म्हणून त्या यार्डात गेली आणि तिथे तिने एका बाईला पळत्या घोड्यावरून दोर फेकताना पाहिलं. दोराचा फास हवेत गरगरत गेला आणि पुढे पळणाऱ्या खोट्या गोऱ्ह्याच्या शिंगांत जाऊन बसला. घरी आली ती बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "मला हे शिकायचं आहे."

मी म्हटलं, अगं, योगा कर, झुंबा कर. आपल्या बुद्धविहारातल्या बाया रविवारी वॉकला जातात, त्यांच्याबरोबर जा. पण तिने एकदा मनावर घेतलं की मी बोलायचं आणि तिने तोवर भाजी चिरायची, एवढंच उरायचं.

अमेरिकेत म्हणे लोक खऱ्या वासरांमागे घोडा घालून त्यांना दोराने पकडतात, आणि हा ओढायचा गोऱ्हा त्यांच्याकडे निव्वळ सरावापुरता असतो. इथे जिवंत जनावराचे असे खेळ लोकांसमोर करता येत नाहीत, कायदा आडवा येतो. म्हणजे इथे शिकणाऱ्याने सराव करायचा, आणखी सराव करायचा, आणि ज्याचा सराव केला ते कधीच करायचं नाही. मी हे तिला ऐकवलं. ती म्हणाली, "मग काय झालं? तुम्ही ट्रेडमिलवर रोज कुठे जाता?"

तिने कुणाकडून तरी जुना गोऱ्हा विकत घेतला आणि यार्डातच ठेवला. चाकांच्या लोखंडी सांगाड्यावर तपकिरी प्लॅस्टिकचं धड, पुढे शिंगांचं डोकं, मागे लोखंडाचे दोन पाय. गंमत त्या पायांची होती. चाकं फिरली की ते पुढे-मागे हलायचे. हळू ओढलं तर नुसते वाळूत घासत यायचे. वेगात ओढलं की मात्र खटखट, खटखट उड्या मारायचे, आणि ते प्लॅस्टिक खरोखर जीव घेऊन पळतंय असं वाटायचं. ती वेगातली खटखट आली की तिचे डोळे लहान मुलीसारखे व्हायचे.

प्रश्न आला तो ओढायचं कुणी याचा. ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही ओढा नं." आणि माझं डोकंच फिरलं.

हे कसं सांगावं कळत नाही, पण सांगायला हवं. आमच्या गावात मेलेलं ढोर गावाबाहेर ओढत न्यायचं काम आमच्या लोकांच्या गळ्यात बांधलेलं होतं. कुणी विचारायचं नाही, ओढायचं की नाही. निरोप यायचा आणि जावं लागायचं. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावकीने ते एका दिवसात सोडलं, आणि सोडलं म्हणून गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, दुकानात मीठ दिलं नाही. तरी ते वाकले नाहीत. म्हणून माझे वडील शाळेत गेले आणि म्हणून मी इथवर आलो. आणि आता मी रविवारी सकाळी, स्वतःच्या हौसेने, परदेशात जाऊन ढोर ओढू? मी तिला हे सगळं आवाज चढवून सांगितलं. तीही तशाच घरातली, तिला नवीन काहीच नव्हतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "ते मेलेलं ओढत होते, आणि जबरदस्तीनं. हे पळतंय. आणि तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. नसेल ओढायचं तर सांगा, मी दुसरं कुणी बघते."

पुढच्या रविवारी मी क्वॉडवर बसलो.

नंतर तेच आमचं रविवारचं आयुष्य झालं. सकाळी ती पोहे करायची, झणझणीत तर्री थर्मासमध्ये भरायची. मालकीण पहिल्यांदा ती तर्री सूप समजून प्यायली तेव्हा लालबुंद झाली, पण पुढच्या रविवारी स्वतःचा मग घेऊन हजर. मग मी गोऱ्हा बांधायचो आणि पुढे बघत चालवायचो. मागून घोडीच्या टापा जवळ यायच्या, दोराचा सूं सूं आवाज यायचा. दोराचं दुसरं टोक तिच्या खोगिराला बारीक दोऱ्याने बांधलेलं असायचं. फास शिंगांत बसला की दोर ताणला जायचा, तो बारीक दोरा तुटायचा, आणि तुटायच्या आधी क्वॉडला एक छोटासा हिसका बसायचा. तो हिसका माझ्या पाठीला कळायचा. मी गाडी थांबवायचो आणि मागे न बघता विचारायचो, "अडकला का गं?"

"अडकला," ती म्हणायची. नाहीतर, "नाही. पुन्हा."

हिसका बसला नसला तरी मी विचारायचोच. तेवढाच बोलायचा चाळा. कधी कधी ती म्हणायची, "शिंगात अडकणं काही विशेष नाही, तुम्ही तर न फेकताच अडकला होता." यार्डात कुणाला मराठी येत नव्हतं, त्यामुळे तिची जीभ तिथे फारच सैल सुटायची.

मग तिच्या हातातून दोर सुटायला लागला. आधी तिने हातमोज्यांना दोष दिला, नवे आणले. मग घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. मग एका सकाळी लॅबला जायला तयार होऊन ती माझ्यासमोर आली आणि तिने कोटाची बटणं पुढे केली. मी ती लावली.

मोटर न्यूरॉन डिसीज, असं कन्सल्टंट डॉक्टर म्हणाला. नसांचा आजार. तिच्या बाबतीत हातापासून सुरुवात झाली होती, पुढे बाकीचं जाणार होतं. किती वेगाने ते त्याला सांगता येत नव्हतं आणि उपाय नव्हता. बिचारा हळुवार बोलत होता, तरी मी त्याच्याशी भांडलो. ही टेस्ट पुन्हा करा, ती पुन्हा करा. ती मात्र, जिने आयुष्यभर लोकांचे रिपोर्ट काढले, स्वतःच्या रिपोर्टकडे बघायलाही तयार नव्हती. कारमध्ये बसल्यावर तिने एवढंच विचारलं, "रविवारी पाऊस आहे का हो?"

तिला एकच गोष्ट हवी होती. हातात दोर धरता येईल तोवर पळत्या गोऱ्ह्यावर फेकायचा. मालकिणीने तिच्यासाठी यार्डातली सगळ्यात म्हातारी, शहाणी घोडी काढली. चढवायला-उतरवायला आम्ही दोघं. मला हे अजिबात पसंत नव्हतं. पडली तर काय, हा एकच विचार माझ्या डोक्यात. म्हणून एका रविवारी मी क्वॉड हळू चालवली. अगदी हळू, चालत्या माणसाइतकी. म्हटलं, गोऱ्हा हळू असला की तिचा नेम लागेल, तिला बरं वाटेल, आणि पडलीच तर फार लागणार नाही. मागे लोखंडी पाय वाळूत घासत होते, खर्र खर्र.

"अहो, थांबा."

मी थांबलो. घोडी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोर तिच्या मांडीवर पडला होता. तिचा चेहरा रागाने पांढरा झाला होता. तिला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ढोर काहून ओढता?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच नं. हात बघ जरा तुझा."

"हात मला माहीत आहे. हे बघा कसं येतंय. मेल्यासारखं. तुमच्या आजोबांनी सोडलं नं हे?" ती जरा दम घेऊन म्हणाली. "मी आहे तोवर याला मारू नका. पळवा."

"आणि तू पडलीस तर?"

"तर पडेन. तुम्ही मागे बघू नका म्हणजे झालं."

मला इतका संताप आला की काय करावं कळेना. तिचा नाही, कशाचा कोण जाणे. मी अंगठ्याने थ्रॉटल दाबला तो दाबलाच. मागे खटखट सुरू झाली, टापा सुरू झाल्या. दोराचा आवाज अर्ध्यात तुटला. हिसका बसला नाही. मी थांबून विचारलं, "अडकला का गं?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. "पुन्हा."

त्यानंतर हिसका कधीच बसला नाही. आम्ही जात राहिलो. दर खेपेला मी विचारायचो आणि ती म्हणायची, नाही, पुन्हा. पुढे जीभ जड झाली तेव्हा नुसतं "पुन्हा" म्हणायची, आणि ते फक्त मलाच कळायचं. मग घोडीवर बसणं गेलं. मग यार्ड गेलं. मग घरातला बेड खाली हॉलमध्ये आला. मी तिच्या पायांना मालिश करायचो आणि लाज वाटेल इतका रडायचो. ती माझ्याकडे बघत राहायची. तिला माझे डोळे पुसावेसे वाटत असणार, हे मला कळत होतं, आणि त्यानेच मला जास्त रडू यायचं.

निरोपाच्या दिवशी विहारातले सगळे आले. त्रिसरण-पंचशील झालं. मी सगळ्यांना पांढरे कपडे घालून यायला सांगितलं होतं. मालकीण पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसली होती, बाहीला घोडीचे केस तसेच चिकटलेले. ते केस मी बराच वेळ बघत होतो.

आमची मुलगी इथेच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं बोलते, लंडनजवळ पिनरला राहते. ती दर आठवड्याला फोन करते. एकदा म्हणाली, "बाबा, ती गोऱ्हा अजून यार्डमध्ये आहे ना? तू विकून टाक ना. तुझ्यासाठी हेल्दी नाहीये ते." मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, तो मला काय खातो का? मग तिलाही रडू आलं आणि मलाही. पोरीने आई गमावली होती आणि मी तिच्याशी प्लॅस्टिकवरून भांडत होतो.

या वसंतात मालकिणीचा फोन आला. यार्डात एक नवी शिकाऊ बाई आली आहे, शाळेत शिकवते. तुमचा गोऱ्हा वापरला तर चालेल का? मी म्हटलं, वापरा. मालकीण म्हणाली, ओढायला कुणी नाही. मी तिला नाही म्हणणार होतो. रविवारी सकाळी बघतो तर मी कारमध्ये होतो, शेजारच्या सीटवर रिकामा थर्मास होता. का घेतला तेही आठवत नाही.

गोऱ्ह्यावर धूळ बसली होती, एका शिंगात कोळ्याचं जाळं. मी ते पुसलं, गोऱ्हा बांधला, क्वॉडवर बसलो. आणि निघालो तो हळू. मुद्दाम नाही. अंगठा पुढे जाईचना. मागे पाय घासत होते, खर्र खर्र. ती गेली आणि मी मेलेलं ओढतोय, दुसरं काही नाही, असं मला वाटलं. सबंध वर्ष मी तेच करत होतो.

"कुड यू गो अ बिट फास्टर, प्लीज?" मागून त्या बाईचा आवाज आला. फार अदबीने विचारत होती बिचारी.

मी अंगठा दाबला. खटखट सुरू झाली. टापा जवळ आल्या. दोराचा सूं सूं आवाज डोक्याच्या मागे वाढत गेला, आणि मग क्वॉडला तो छोटासा हिसका बसला. नीट बसला. पाठीला कळला.

मी गाडी थांबवली आणि मागे न बघता विचारलं, "अडकला का गं?"

घोडीने नाकातून श्वास सोडला.

"सॉरी?" त्या बाईने विचारलं.

मी मागे वळलो नाही. हँडल धरून तसाच समोर बघत बसलो.