डाव्या पायाचा बूट

चिखलात उतरण्याआधी गुणाजीकाका खाडीचं पाणी डोळ्यांना लावत. चहा बशीतूनच पीत. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टोपीत, टोपी डोक्यावर. माणसांची नावं विसरत, पाय विसरत नसत. "ते लांब बोटांचे मास्तर नाय आले का आज?" असं विचारत. आणि रांगेत कायम सगळ्यांच्या मागे.

काका गेल्याला आज अकरा दिवस झाले होते. कांजूरच्या खाडीकाठी त्यांच्या ओट्यावर गंधाली बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत बूट.

ओहोटीला तिवरांच्या झाडीतून, गुडघाभर चिखलातून लोकांना फिरवून आणायचं, हे काका आणि त्यांचा पुतण्या नितेश यांचं काम. पुढे नितेश, वाट दाखवायला. मागे काका, रुतलेल्याला बाहेर काढायला. माणूस निघाला की त्याची रुतलेली चप्पलही काढत. "खाडीत आपलं काय ठेवायचं नाय," ते म्हणत. "हितल्या चिंबोऱ्या आम्ही खातो. तुमच्या चपला नाय खायच्या आम्हाला."

गेल्या वर्षी गंधाली पहिल्यांदा आली, तेव्हा काका मागून ओरडले होते, "बाय, टाच आधी उचल! ओढू नको!"

तिने ओढला. पाय आला, बूट राहिला. ती एका पायाने लंगडत पुढे गेली. रुतलेल्या एका बाईंना सोडवून काका पोचले, खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. बूट नाही. पाणी चढायला लागलं, तशी त्यांनी तिथे काठी रोवली.

"उजवा माझ्याकडे ठेव. जोड लागल्याबिगर सोडत नाय मी."

पंधरा दिवसांनी तिचा मित्र प्रज्योत याने डावा बूट तिच्यापुढे ठेवला. रांगेत तो तिच्या लगेच मागे होता. गंमत म्हणून त्याने तो उपसून सॅकमध्ये कोंबला होता आणि विसरला होता.

पुढच्याच रविवारी ती सांगायलाच आली. काकांनी तोवर तेवढा चिखल काठ्या रोवून बारा पट्ट्यांत वाटला होता. दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला एक पट्टा चाचपायचा, झाला की त्याची काठी उपटायची. ते कोपरापर्यंत माखून, हसत वर आले.

"तुझा नाय गावला. पण हा बघ, कोणाचा तरी चष्मा!"

सुनंदाकाकूंनी तिच्यापुढे चिंबोऱ्यांचं कालवण ठेवलं. "शोधा, शोधा. बूट गावला की ही कशाला येतेय हिते परत?"

गंधालीने ताट पुढे ओढलं. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मग ती दर मोठ्या ओहोटीला येत राहिली. चष्म्यानंतर तीन चपला मिळाल्या, एक घड्याळ, कुकरचं झाकण. दर वेळी ती ठरवून येई, आज सांगायचं.

"काका, सोडा ना आता. जुना होता तो."

"जुना म्हणून टाकायचा? मग मला पण टाक."

आणि परवा-परवापर्यंत चालता-फिरता माणूस झोपेतच गेला.

गंधालीने पिशवीतून बूट काढला, काकूंसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. काकू बुटाकडे बघत राहिल्या.

"वर्षभर होता तुझ्याकडे?"

"हो."

"ते असते तर तुला शिव्या घातल्या असत्या."

"आणि मग?"

"मग काय? दुसऱ्या कोणाची चप्पल शोधत बसले असते. घरात बसणार होते थोडेच." काकूंनी पदराने नाक पुसलं. "पण सांगायचं होतंस गं. बूट गावलाय, हे त्यांना कळायला हवं होतं."

काकू उठल्या. मागच्या दारी खिळ्याला उजवा बूट टांगलेला होता. धुतलेला, नाडी बांधलेली. काकूंनी डावा त्याच्या शेजारी अडकवला.

दारातून खाडी दिसत होती. पाणी उतरलं होतं. चिखलात दोन काठ्या अजून उभ्या होत्या.