इरलं

"अरे, ही बघा, आवणीला निघाली! इरलं घातलंय!"

मुख्य पंच सर ओरडले आणि सगळं शिबिर हसलं. जव्हारच्या मैदानावर बेसबॉलच्या पंचांचं शिबिर होतं. शिकायला आलेल्यांत मी एकटीच पाड्यावरची, जामसरकडची. गियरची बॅग उघडली तेव्हा माझ्या हातात छातीचं कवच आलं. काळं, टणक, बाक असलेलं, बाजूला पट्टे. आमच्या आश्रमशाळेत बॅट होती, फाटके ग्लोव्हज होते, कॅचरसाठी एक मास्क होता. असलं कवच मी जन्मात पाहिलं नव्हतं. पट्टे दिसले, बाक दिसला, आणि मी ते सरळ पाठीवर चढवलं.

चुकलं. पण का चुकलं ते आज सांगते. भाताच्या आवणीत आमची माणसं दिवसभर वाकलेली असतात. पाऊस पाठीवर कोसळतो. म्हणून बांबूचं, पानांचं इरलं पाठीवर घ्यायचं. अंग झाकायची वस्तू म्हटली की ती पाठीवरच जाते, हे माझ्या हातांना माहीत होतं. छाती झाकायची असते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

सरांना इरलं ठाऊक होतं, तेच जास्त लागलं. शहरातून आलेला माणूस हसला असता तर समजले असते. सर इथलेच, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या आईनंही इरलं घेतलं असेल.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "ए इरलं, बेस उचल." "इरलं, पाणी आण." मीही हसायचे. दात काढून हसायचे, लाज वाटते सांगायला. न हसावं तर म्हणतील, हिला गंमत कळत नाही.

मग उभं राहायचं शिकवलं. पंचानं कॅचरच्या मागे, त्याच्या खांद्यावरून, बॅट्समनच्या बाजूला डोकं ठेवायचं. पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे, डोळे स्थिर. मी सहज खाली बसले. इतकी वर्षं चिखलात वाकलेली मी, मला काय अवघड! सर म्हणाले, "वर हो, वर हो. इथे चिखल नाही." मी वर झाले. ताठ उभी राहिले की गुडघ्याजवळचा बॉल दिसेना. बॉल की स्ट्राइक, म्हणजे चेंडू हद्दीबाहेरून गेला की हद्दीतून, हे निर्णय चुकायला लागले. मग सर म्हणाले, "डोळे नीट तपासून घे." वाकले तर हसायचे, ताठ राहिले तर बोलणी. माझं शरीर कसं ठेवायचं हे तेच ठरवत होते.

तरी परीक्षा पास झाले. शालेय स्पर्धेत पंच म्हणून उभी राहिले. मैदान एकच, दोन भागांत दोन सामने. किनाऱ्याकडच्या शाळांचे संघ आले होते. त्यांच्याबरोबर एक पाहुणे पंच होते आणि त्यांच्या मास्कचा पट्टा तुटला होता. सरांनी माझ्या तोंडावरचा मास्क काढायला लावला. मग कवचही मागितलं. पाहुण्यांना त्यांचं घट्ट होत होतं म्हणे.

"मग मी कशी उभी राहू सर?"

"कॅचरच्या मागे लपून राहा. तुमची कातडी राबलेली असते. काय होत नाही."

मी उभी राहिले. नाही म्हणायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या डावात बॉल बॅटची कड घेऊन मागे आला. माझ्या गळ्याखालच्या हाडावर बसला. मी खाली पडले. तोंडात माती. सर धावत आले. वाटलं, हात देतील.

"फाउल ना? मग सांग की! सगळे थांबलेत."

मी मातीतून हात वर केले. म्हणाले, "फाउल." प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो.

घरी आईनं हळद लावली. हाड सुजून वर आलं होतं. आई नागलीची भाकर थापायची सोडून माझ्याकडे बघत बसली.

"काय झाला गं?"

"बॉल लागला."

"छातीला काय बांधला नव्हता?"

"काढून घेतलं."

आई म्हणाली, "काढून घेतला. मंग तू उभी कशाला राहली?"

हाड जुळलं, पण हा प्रश्न आत तसाच दुखत राहिला.

पुढच्या वर्षी तेच मैदान, तेच सर. पाहुणे दुसरे. सामना सुरू व्हायच्या आधी सरांनी हात पुढे केला. "कवच दे." मी दिलं. मास्कही दिला. कॅचरच्या मागे जाऊन उभी राहिले.

पिचर तयार. बॅट्समन तयार. खुर्च्यांवर मुख्याध्यापक, पाहुणे. पंच "प्ले" म्हणाला की खेळ सुरू होतो. त्याशिवाय होत नाही. तो एक शब्द माझ्या तोंडात होता. मी तोंड मिटलं.

"काय झालं? प्ले म्हण."

"गियर आलं की म्हणेन."

"इरलं, नाटकं करू नको."

"नावानं बोला सर." मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. मोठ्यानं. वाटलं, आता हाकलतील. पुन्हा कधी कॅचरच्या मागे उभं राहता येणार नाही. पण शब्द काही बाहेर काढला नाही.

खुर्च्यांवर चुळबूळ सुरू झाली. कोणीतरी घड्याळ बघितलं. शेवटी सरांनी मास्क आणि कवच आणून माझ्या पायाशी टाकलं. मी हातात येईपर्यंत थांबले. कॅचर मुलीनं उचलून दिलं. छातीवर बांधलं, मास्क लावला, आणि खाली वाकले. आवणीत वाकते तशीच, पूर्ण खाली. आता बॉल स्वच्छ दिसत होता. म्हणाले, "प्ले."

यंदा मला बोलावणं नाही. सरांनी सगळीकडे सांगितलंय, ही बाई भांडकुदळ आहे. असेन.

आता मी शाळेत मुलींना बेसबॉल शिकवते. परवा वांगणीकडच्या एका मुलीनं कवच पाठीवर चढवलं. बाकीच्या हसायला लागल्या. मी एक नजर टाकली, गप्प झाल्या. तिला फिरवून उभी केली, पट्टे सोडवले, छातीवर बांधले. म्हणाले, "इथे मार समोरून येतो. काढून दे म्हणाले तर तू उभं राहायचं नाही."

बोलावणं नसलं तरी स्पर्धेला मी पंच म्हणूनच जाणार आहे. पंचाची परीक्षा मी पास झाले आहे, ती कोणी काढून घेतलेली नाही. मैदानावर इरलं म्हणून हाक आली तर मी वळणार नाही. खेळ थांबला तर थांबू दे.